पत्रे किती, कौले किती? छपराचा हिशेब पाखीवरून करा

मला येणारा ठरलेला प्रश्न असा असतो: "घर हजार स्क्वेअर फूट आहे, पत्रे किती लागतील?" यावर मी उत्तर देत नाही, उलट तीन गोष्टी विचारतो. छप्पर भिंतीबाहेर किती काढलंय? उतार किती आहे? पत्रा कुठला घेणार? एवढं कळल्याशिवाय जो आकडा सांगेल, त्याच्याकडून माल घेऊ नका. फरशीचं क्षेत्रफळ फरशी बसवायला उपयोगी पडतं. छप्पर त्याच्यापेक्षा नेहमी मोठं असतं, आणि किती मोठं ते मोजल्यावरच कळतं.

एकच घर धरून हिशेब करू. भिंतींच्या बाहेरून ४० फूट लांब, २६ फूट रुंद, साधं दुपाखी छप्पर, म्हणजे दोन उतारांचं; एका उताराला पाखी म्हणतात. आत-बाहेरची जाडी धरून मोजा, खोल्यांची मापं जोडत बसू नका, भिंतींची जाडी त्यात हरवते. चारी बाजूंनी छप्पर २ फूट बाहेर काढलंय. म्हणजे वरून पाहिलं तर छप्पर ४४ बाय ३० फुटांचं. फरशी १,०४० स्क्वेअर फूट होती, इथेच १,३२० झाले, आणि उतार अजून धरलेलाच नाही.

उतार मोजायला फार हत्यारं लागत नाहीत. वाशाला लेव्हल आडवी धरा, बुडबुडा मध्ये आणा, वाशापासून १२ इंचांवर लेव्हलवर खूण करा आणि त्या खुणेपासून वाशापर्यंतचं उभं अंतर मोजा. ते ४ इंच आलं तर सपाट क्षेत्रफळाला १.०५४ ने गुणायचं, ६ आलं तर १.११८, ८ आलं तर १.२०२, आणि पूर्ण १२ आलं, म्हणजे ४५ अंशांचा उतार, तर १.४१४. मोबाइलवर अंश मोजणारी सोय असते, तीही चालते. ३० अंशांना १.१५५ हा गुणक. नवं घर असेल तर आढ्याची (छपराच्या सगळ्यात वरच्या, दोन पाखी मिळतात त्या रेषेची) उंची नकाशातच मिळते.

आपल्या घराचं आढं वळचणीच्या (छपराच्या खालच्या कडेच्या) पातळीपासून ५ फूट वर आहे. अर्धी रुंदी १५ फूट. १५ चा वर्ग २२५, ५ चा २५, बेरीज २५०, वर्गमूळ १५.८१. म्हणजे एका पाखीची उतारावरची लांबी १५ फूट १० इंच. दोन्ही पाखी मिळून १,३९१ स्क्वेअर फूट. फरशीपेक्षा हे जवळपास ३४ टक्के जास्त आहे.

आता इथे बहुतेक जण चुकतात, आणि चूक क्षेत्रफळाची नसते. १,३९१ ला एका पत्र्याच्या क्षेत्रफळाने भागतात. समजा रंगीत प्रोफाइल पत्रा १,०७० मिमी रुंद आणि १६ फूट लांब आहे. त्याचे सुमारे ५६ स्क्वेअर फूट होतात, म्हणून २५ पत्रे. कागदावर बरोबर वाटतं. पण बाजूच्या पत्र्यावर चढल्यावर त्याची झाकणारी रुंदी १,००० मिमीच उरते, म्हणजे ३.२८ फूट. ४४ ला ३.२८ ने भागलं की १३.४ येतात. पॉइंट चार पत्रा कुणी देत नाही, तेव्हा १४. दोन पाखींना २८. तीन पत्रे कमी पडले असते, आणि ते शेवटच्या दिवशी लक्षात आले असते. म्हणून क्षेत्रफळ फक्त अंदाज पडताळायला ठेवा. मोजायचं ते नग: आडवे किती, उभे किती.

घर अजून बांधायचं असेल तर हाच आकडा उलटा वापरा. १३ पत्रे ४२ फूट १० इंच झाकतात. त्रिकोणी भिंतींकडचं छप्पर २ फुटांऐवजी १ फूट ५ इंच बाहेर काढलं तर १३ मध्ये काम भागतं, दोन पत्रे वाचतात आणि कापायचंही वाचतं. वळचणीकडचे २ फूट मात्र कमी करू नका, भिंतीवर येणारं पाणी तिथेच अडतं.

लांबीचं तसंच. पाखी १५ फूट १० इंच, पन्हळीत पत्रा दोनेक इंच उतरायला हवा, म्हणजे १६ फुटी पत्रा अखंड बसतो. अखंड मिळत असेल तर तोच घ्या. ८-८ फुटांचे दोन जोडले की १६ होतात असं म्हणणारे भेटतात. होत नाहीत. जोडावर वरचा पत्रा खालच्यावर निदान ६ इंच चढवावा लागतो, उतार कमी असेल तर त्याहून जास्त. उरतात साडेपंधरा फूट. मग १० फुटी आणि साडेसहा फुटी अशी जोडी घ्यावी लागते, आणि जोडाखाली आडवा पाइप, म्हणजे पत्रे ज्यावर स्क्रूने बसवतात तो, आहे का तेही पाहावं लागतं.

स्क्रू मी पाइपांवरून मोजतो. आपल्या घरी पाइपांच्या पाच ओळी, प्रत्येक ओळीवर एका पत्र्याला ४ स्क्रू, म्हणजे पत्र्यामागे २०, एकूण ५६०. बाजूच्या जोडांवर दोन ओळींच्या मध्ये एकेक, असे आणखी शंभरेक. पडणारे, हरवणारे धरून ७०० मागवा. आढ्याचं टोपण (आढ्यावरची फट झाकणारी पट्टी) ४४ फूट, पण त्याचेही तुकडे एकमेकांवर चढतात, तेव्हा प्रत्येक जोडाला सहा इंच वाढवा.

कौलांचं गणित याच वळणाचं, फक्त आकडे लहान. मंगळुरी कौल साधारण ३२० मिमी उंच आणि २१० मिमी रुंद इतकंच झाकतं, म्हणून चौरस मीटरला १५ कौले धरतात. तरी तुमच्याकडे येणाऱ्या कौलाची चार-पाच नग जमिनीवर खाचेत खाच बसवून खरी झाक मोजा. भट्टीप्रमाणे माप बदलतं. आपली पाखी ४.८२ मीटर: ओळी १६. लांबी १३.४१ मीटर: एका ओळीत ६४. दोन पाखींना २,०४८. फुटतूट ५ टक्के धरली की २,१५०. आढ्यावर बसणारी कोनाची कौले मीटरला तीन, म्हणून ४० आणि वर दोन-चार. रिपांच्या (कौलं ज्यांवर टेकतात त्या लाकडी पट्ट्यांच्या) ओळी कौलांच्या ओळींइतक्याच, पण वळचणीची रीप थोडी जाड लागते, कारण तळच्या कौलांना खाली टेकायला दुसरी ओळ नसते.

चौपाखी, म्हणजे चारी बाजूंना उतार असलेलं छप्पर असेल तर लोक घाबरतात. उतार सगळीकडे सारखा असला तर क्षेत्रफळ तेच राहतं, १,३९१. बदलतं ते टोपण. आढं उरतं ४४ वजा ३०, म्हणजे १४ फूट, पण आढ्यापासून कोपऱ्यांकडे तिरके उतरणारे चार कोनवासे प्रत्येकी २१.८ फुटांचे येतात, आणि त्यांनाही टोपण लागतं. एकूण १०१ फूट, दुपाखीच्या दुपटीहून जास्त. शिवाय तिरके कापे वाढतात, म्हणून पाच टक्क्यांऐवजी दहा ते पंधरा टक्के जादा घ्या. सगळ्यांना सरसकट दहा टक्के लावणं मला पटत नाही. वाया जातं ते कापाच्या ठिकाणी, सरळ पाखीवर नाही. चिमणीची किंवा लहान काचेची भोकं वजा करू नका, तिथला तुकडा कापून फेकलाच जातो.

जुनं घर असेल तर आढी-वळचण समांतर असेलच असं नाही. पाखी दोन्ही टोकांना आणि मध्ये अशी तीन ठिकाणी मोजा, सगळ्यात मोठं माप धरा. छपराचे दोन्ही कर्णही ताणून पाहा. ते सारखे नसतील तर छप्पर गुण्यात (काटकोनात) नाही, आणि शेवटचा पत्रा पाचरीसारखा कापावा लागणार.

मागणी लिहिताना "२८ पत्रे" एवढंच लिहू नका. लांबी, झाक रुंदी, जाडी, रंग, टोपणाची लांबी, स्क्रूची लांबी, सगळं लिहा. आणि माल एकाच वेळी मागवा. नंतर आणलेल्या चार कौलांचा लाल रंग वेगळा दिसतो, रस्त्यावरूनही.