कराटे किड ३ परत बघायचाय? मग असा बघा

१९८९ चा कराटे किड पार्ट थ्री पहिल्यांदा बघून सगळेच वैतागतात, मीपण अर्ध्यात सोडलेला, पण परत बघायचा असेल तर आधी पहिला भाग मनातून काढा, तुलना करत बसलात की संपलंच. हिरो डॅनियलकडे फार लक्ष देऊ नका (तो रोल करणारा राल्फ माचिओ तेव्हा २७ चा, टीनएजर वाटतच नाही), व्हिलन टेरी सिल्व्हरवर नजर ठेवा. हा माणूस विषारी कचऱ्याचा धंदा करणारा श्रीमंत, आणि एका पोरावर, म्हणजे डॅनियलवर, सूड उगवायला सगळं सोडून येतो, कायच्या काय आहे राव! पण सिल्व्हर झालेला थॉमस इयन ग्रिफिथ ते इतकं मजा घेत करतो ना, आणि गंमत म्हणजे तो माचिओपेक्षाही लहान.

लाकडी फळ्यांवर मारून मारून डॅनियलचे हात रक्ताळतात तो सीन पळवू नका, सिल्व्हर शिकवतोय की पोराला बिघडवतोय ते तिथेच कळतं. बोन्सायचा (कुंडीतल्या बुटक्या झाडांचा) सगळा ट्रॅक मात्र खुशाल फॉरवर्ड करा. स्पर्धेच्या फायनलमध्ये डॅनियलचा प्रतिस्पर्धी बार्न्स पॉइंट घेतो आणि फाउल करून मुद्दाम घालवतो, ते नीट बघा.

मग लगेच कोब्रा काय या सिरीजचा (कराटे किडचीच पुढची गोष्ट) चौथा सीझन लावा, सिल्व्हर तिथे परत येतो.