कॅरॅव्हॅन पाहायला जाण्याआधी मोटारीचे वजन पाहा

दरवर्षी डिसेंबरात मी ब्रिटनहून आष्ट्याला घरी येतो, तेव्हा नोकरीसाठी ब्रिटनला निघालेली सांगली-साताऱ्याकडची दोन-तीन कुटुंबे तरी भेटायला येतात. घरभाडे, शाळा, डॉक्टर यांच्या चौकशा झाल्या की हल्ली एक प्रश्न हमखास निघतो : घरच्या मोटारीमागे जोडायला जुनी कॅरॅव्हॅन, म्हणजे ओढून न्यायचे चाकांवरचे छोटे घर, घ्यावी का, म्हणजे मुलांना आणि गावाकडून आलेल्या आई-वडिलांना घेऊन समुद्रकाठी आठ दिवस राहता येईल. जरूर घ्यावी, असेच मी सांगतो. मात्र बहुतेक जण आधी आतले पलंग मोजतात, स्वयंपाकाचा ओटा पाहतात, आणि आपल्या मोटारीला ती झेपेल का याचा विचार पैसे देऊन झाल्यावर करतात. हा क्रम उलटा हवा.

परवान्याचे थोडक्यात सांगतो. तिथे राहायला गेल्यापासून बारा महिनेच भारतीय परवान्यावर मोटार चालवता येते आणि तो परस्पर बदलून मिळत नाही. परीक्षा द्यावीच लागते. ती उत्तीर्ण झाल्यावर मोटारीच्या साध्या परवान्यावर ३५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढण्याची मुभा इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये १६ डिसेंबर २०२१ पासून आहे. ही मुभा चालकाला आहे. मोटारीची मर्यादा तिच्या कागदांवरच पाहावी लागते.

तिथल्या नोंदणीपत्रात ‘जी’ या रकान्यात चालवण्यास सज्ज मोटारीचे वजन असते आणि ‘ओ-१’ मध्ये ब्रेक असलेला किती वजनाचा ट्रेलर ओढता येतो ते असते. शिवाय मोटारीवर बसवलेल्या पट्टीवर वजनांचे चार आकडे असतात : भरलेल्या मोटारीचे कमाल वजन, मोटार आणि ट्रेलर मिळून कमाल वजन, आणि मग दोन कण्यांवरचे कमाल भार. समजा पहिला आकडा २००० आणि दुसरा ३३०० आहे, तर भरलेल्या मोटारीमागे १३०० किलोपेक्षा जास्त जोडता येणार नाही. दुसरा आकडाच नसेल, तर ती मोटार ओढण्यासाठी नाही असे समजावे. काही हायब्रिड आणि विजेच्या मोटारी अंगाने जड असूनही त्यांना ओढण्याची मान्यता नसते, म्हणून वजनदार दिसणाऱ्या मोटारीवर नुसता अंदाजाने विश्वास ठेवू नये.

इथे आपल्याकडची माणसे एक शंका काढतात. गळीत हंगामात आपला ट्रॅक्टर उसाने शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या कारखान्यापर्यंत नेतो, त्या त्याच्या कितीतरी पट जड असतात. मग मोटारीला एवढे सोवळे कशाला? कारण ओढणे वेगळे आणि आवरणे वेगळे. मोटार बनवणारी कंपनी ओढण्याची जी मर्यादा देते, ती १२ टक्के चढावर थांबलेली जोडगाडी, म्हणजे मोटार आणि तिच्या मागचा ट्रेलर, पुन्हा हलवता येते का, यावरून ठरते. ट्रॅक्टर रमतगमत जातो. कॅरॅव्हॅन मोटरवेवर ताशी ६० मैलांनी, आडव्या वाऱ्यात, पत्र्याची मोठी भिंत घेऊन धावते. तिला शेपटासारखे हलू न देण्याचे काम मोटारीच्या स्वतःच्या वजनाला करावे लागते. म्हणूनच तिथल्या जाणत्या मंडळींचा आणि कॅरॅव्हॅन क्लबांचा नवख्यांना सल्ला असा की, कॅरॅव्हॅनचे भरलेले कमाल वजन मोटारीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत असावे, आणि कितीही अनुभव आला तरी १०० टक्क्यांवर जाऊ नये. हा कायदा नाही, सल्ला आहे. पण मी तो कायद्यासारखाच पाळतो. १५०० किलोच्या मोटारीला हा हिशेब १२७५ किलोंवर येतो, म्हणजे स्वतःच्या पट्टीवर कमाल वजन १२५० लिहिलेली कॅरॅव्हॅन चालेल. तिचेच रिकामे वजन १०८० असेल, तर कपडे, भांडी, गॅस, तंबू असे सगळे मिळून १७० किलोच भरता येतील, आणि चार माणसांचा संसार इतका भरायला वेळ लागत नाही.

एकूण वजनाइतकेच ते कुठे ठेवले आहे याला महत्त्व आहे, आणि हे बैलगाडी जुंपलेल्या माणसाला शिकवावे लागत नाही. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते. पुढे जास्त झाला की बैलांच्या मानेला काचते. कॅरॅव्हॅनचा मोटारीच्या टो-बॉलवर, म्हणजे ती जिथे जोडतात त्या मागच्या गोळ्यावर, पडणारा भार भरलेल्या वजनाच्या ५ ते ७ टक्के असावा, म्हणजे १२५० किलोला साधारण ६२ ते ८७ किलो; पण टो-बॉलची मर्यादा ७५ असेल तर ७५ च्या वर जायचे नाही. घरच्या वजनकाट्यावर नेमक्या उंचीचा लाकडी ठोकळा उभा करून त्यावर कॅरॅव्हॅनचे तोंड टेकवले, तर हा भार मिनिटात कळतो. चाके मात्र सपाट जमिनीवर हवीत.

मी हे एका फटक्यातून शिकलो. तिसऱ्या वर्षी सांगलीहून आई-वडील आले होते आणि आम्ही एम-५ मोटरवेने डेव्हनला निघालो. बाहेरचा तंबू, पाण्याचा भरलेला कॅन, दोन कुकर आणि ज्वारीच्या पिठाचा डबा मी मागच्या कोपऱ्यात रचला होता, कारण तिथे जागा होती. उतारावर एक मोठी बस शेजारून गेली आणि कॅरॅव्हॅन डावी-उजवी झुलू लागली. आरशात तिची एक बाजू दिसे, मग दुसरी. अशा वेळी जोरात ब्रेक दाबू नये, स्टिअरिंग उलटसुलट फिरवू नये. ॲक्सिलरेटरवरून पाय हळूहळू काढून स्टिअरिंग सरळ धरून ठेवावे. मी तेवढेच केले आणि ती सावरली. पुढच्या थांब्यावर आम्ही सगळे सामान काढून जड वस्तू कण्यावर, तळाशी आणि हलक्या वस्तू दोन्ही टोकांना ठेवल्या. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी डबा स्वतः उचलून चाकांच्या वर नेऊन ठेवला.

बाकीच्या गोष्टी सोप्या आहेत, पण चुकवू नयेत. कॅरॅव्हॅन मोटारीपेक्षा रुंद असेल तर जादा आरसे लावावेत, मागे मोटारीच्याच क्रमांकाची पाटी असावी, विमा कंपनीला कळवावे. जोडगाडीला दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ताशी ५० मैलांची मर्यादा आहे, आणि तीन मार्गिकांच्या मोटरवेवर सर्वांत उजवीकडची मार्गिका आपली नाही. खंबाटकीची सवय आहे म्हणून कोणताही घाट चढू नये : नॉर्थ यॉर्कशायरमधल्या सटन बँकवर चारास एक असा चढ आहे आणि तिथे कॅरॅव्हॅनला बंदीच आहे.

पहिल्या सहलीआधी पूर्ण सामान भरून, सगळ्या कुटुंबाला बसवून, जवळच्या सार्वजनिक वजनकाट्यावर जा. कारखान्याच्या दारात करतात तसाच काटा करायचा : आधी जोडगाडीचा, मग कॅरॅव्हॅन सोडवून एकट्या मोटारीचा आणि एकट्या कॅरॅव्हॅनचा. मिळालेल्या पावत्या पट्ट्यांवरच्या आकड्यांशी ताडून पाहा, आणि काही किलो जास्त भरले तर तिथेच सामान उतरवा.