प्रॉम्प्ट लिहायला बसण्याआधी

पाडवा महिन्यावर आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर चित्ररथाची चर्चा सुरू होते. ठाण्याच्या स्वागतयात्रेत आमचा छोटासा रथ असतो. रथाच्या दोन बाजूंचे फ्लेक्स, व्हॉट्सअ‍ॅपवरचं निमंत्रण आणि रथावरच्या स्क्रीनसाठी एक व्हिडिओ हे काम गेली दोन वर्षं माझ्याकडे आहे आणि ते मी एआयवर करते. चित्रं आवडली की मैत्रिणी म्हणतात, "तुझा प्रॉम्प्ट पाठव ना." प्रॉम्प्ट म्हणजे कसलं चित्र हवं ते एआयला सांगणारा मजकूर. मी तो पाठवते, पण त्यांना त्यातून तसं चित्र मिळत नाही. खरं काम प्रॉम्प्टच्या आधी झालेलं असतं. ते काय काय, ते या वर्षी सगळ्यांसाठी लिहून ठेवते आहे.

सगळ्यात आधी चित्र कुठे लागणार ते ठरवा आणि वहीत पहिल्या ओळीत लिहा. मोबाइलच्या स्टेटससाठी उभं, ९:१६. रथावरच्या स्क्रीनसाठी आडवं, १६:९. सहा बाय चार फुटांच्या फ्लेक्ससाठी ३:२. हे नंतर कापून जुळवू म्हणाल, तर गुडीचं टोक नाहीतर माणसांचे पाय जातात. फ्लेक्सचं गणितही आत्ताच करून ठेवा. बऱ्याच साधनांतून निघणारं चित्र हजारेक पिक्सेल रुंद असतं. ते सहा फुटांवर ताणलं तर एका इंचाला जेमतेम चौदा पिक्सेल येतात. म्हणून अपस्केलिंगसाठी, म्हणजे चित्रातले पिक्सेल वाढवून ते मोठं करण्यासाठी, एक दिवस वेगळा धरा. निमंत्रणाचा मजकूर वर येणार की खाली, तेही ठरवा, कारण तेवढी जागा चित्रात मोकळी मागून घ्यावी लागते.

मग घराबाहेर पडा. ही पायरी कुणीच करत नाही आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. मासुंदा तलावावर, आपल्या तलावपाळीवर, सकाळी सहाला जाऊन उभ्या राहा. कोपिनेश्वर मंदिराच्या बाजूने पाण्याकडे बघा. त्या वेळी आकाश उजळायला लागलेलं असतं, पण रस्त्यावरचे दिवे अजून विझलेले नसतात. पाण्यात त्या दिव्यांच्या पिवळ्या रेघा पडतात आणि त्या सरळ नसतात, मधेमधे तुटतात. हार-फुलांच्या टोपल्या उघडत असतात, ओल्या फडक्याखालून झेंडू दिसतो. हे सगळं तिथेच उभं राहून वहीत लिहा. घरी बसून लिहिलेली सकाळ नेहमी "सुंदर सोनेरी सकाळ" होते, आणि त्या तीन शब्दांतून यंत्राला काहीच कळत नाही.

हे मला शिकावं लागलं ते गुडीमुळे. पहिल्या वर्षी मी लिहिलं होतं, "गुढीपाडवा, पारंपरिक मराठी घर, सुंदर गुडी, उत्सवी वातावरण." चित्र झगझगीत आलं. मी ते निमंत्रणावर लावून पाठवूनही दिलं. संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी जिन्यात थांबवलं आणि म्हणाल्या, "अगं, गुडीवर लोटा पालथा असतो ना? तू तर कलश मांडलास, वर नारळ ठेवून." मी पुन्हा चित्र बघितलं. काठीच्या टोकाला सरळ उभा कलश, त्यात आंब्याची पानं, वर नारळ. कडुनिंब नाही, गाठी नाहीत. काठीला भगव्या झेंड्यासारखं त्रिकोणी कापड. पाडव्याचं निमंत्रण होतं आणि त्यात गुडीच नव्हती. मला फार वाईट वाटलं.

असं का होतं ते समजून घ्यायला हवं. चित्रं काढणारी ही एआय मॉडेल्स चित्र आणि त्याखालची ओळ अशा जोड्यांवरून शिकतात. चित्राची शब्दांशी सांगड घालणारं क्लिप नावाचं मॉडेल २०२१ मध्ये आलं, तेच चाळीस कोटी जोड्यांवर शिकवलेलं होतं, आणि त्या जोड्यांतला मजकूर इंग्रजीत होता. अशा साठ्यात कलश, झेंडा, नारळ यांची चित्रं भरपूर असतात. गुडीची थोडी, आणि त्यांच्याखाली लोटा कसा आहे हे कुणी लिहिलेलं नसतं. मग नुसतं नाव दिलं की यंत्र जवळचं ओळखीचं काहीतरी आणून ठेवतं. म्हणून आपल्या घरातली प्रत्येक वस्तू नावाने नाही, आकाराने, कशाची आहे त्याने आणि कुठे आहे त्याने सांगायची.

आता गुडीसाठी माझी वही अशी असते: हिरवट-पिवळी बांबूची लांब काठी, बाल्कनीच्या कठड्याला बांधलेली, बाहेरच्या बाजूला कललेली. टोकाला जांभळ्या रेशमी कापडाच्या निऱ्या, सोनेरी जरीचा काठ खाली लोंबणारा. काठीच्या टोकावर तांब्याचा लहान लोटा, तोंड खाली, बूड वर. लोट्याखाली कडुनिंबाची डहाळी, बारीक करवती कडांची पानं. पांढऱ्या आणि गुलाबी साखरेच्या चपट्या गाठींची माळ, झेंडूचा हार. बाल्कनीला लोखंडी ग्रिल, मागे दुसऱ्या इमारतीची भिंत. सकाळची कोवळी उन्हं डावीकडून. कॅमेरा खालून वर, रस्त्यावरून बघितल्यासारखा. हे लिहिताना एकही "पारंपरिक" लागला नाही. नौवारीचंही तसंच. "नौवारी नेसलेली बाई" म्हटलं की सहावारी येते. निऱ्या समोर, काष्टा दोन पायांमधून मागे खोचलेला, पोटऱ्यांमागून उतरणारा काठ, नथ डाव्या नाकपुडीत, असं सांगितलं की बरंच जवळ येतं.

वहीवर एकदा लाल पेन फिरवा. भव्य, दिव्य, मनमोहक, पारंपरिक, उत्साही हे शब्द खोडा आणि प्रत्येकाच्या जागी डोळ्यांना दिसणारं एक काहीतरी लिहा. "उत्साही गर्दी" म्हणजे नक्की काय दिसतं? एका मुलीने लेझीम डोक्यावर नेली आहे, शेजारची वळून तिच्याकडे बघून हसते आहे, मागची माणसं धूसर. एवढं पुरतं.

आता भाषा. हल्लीच्या काही साधनांना मराठी प्रॉम्प्ट समजतो, तरी बारीक तपशील इंग्रजीत दिला तर जास्त खात्रीने येतो असा माझा अनुभव आहे. पण भाषांतर यंत्राकडून करून घेतलंत तर ते पुन्हा मराठीत उलटवून वाचाच. "पातळ" म्हणजे आपल्या आईचं लुगडं, ते भाषांतरात सडपातळ होऊन येतं. साडीचा "काठ" नदीचा होतो. कडुनिंबाचा लिंबू झालेलाही मी बघितला आहे, आणि मग गुडीवर पिवळी लिंबं लटकतात. असे दुहेरी अर्थाचे शब्द वहीत आधीच अधोरेखित करून ठेवा.

या वर्षी रथाचा विषय ठाण्याची पहिली रेल्वे आहे, म्हणून इतिहासाच्या चित्रांबद्दल थोडं जास्त लिहिते. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी आली. साधारण ३४ किलोमीटर, चौदा डबे, चारशेच्या आसपास निमंत्रित, आणि साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं. यातलं यंत्राला काय सांगायचं? सनावळी सांगून फारसं काही हाती लागत नाही. "१८५३ ची आगगाडी" म्हटलं की लांबलचक काळं इंजिन येतं, पुढे लोखंडी जाळी, अगदी अमेरिकेतल्या वाळवंटातलं. म्हणून आकार सांगा: लहान वाफेचं इंजिन, उंच सरळ धुराडं, चालक उघड्यावर उभा, मागे लाकडी डबे, बाजूला पागोटी घातलेली माणसं, झाडी, मातीचा भराव. आणि डोक्यावर विजेच्या तारा आल्या आहेत का ते मोठं करून तपासा. मुंबईत पहिली विजेवरची गाडी धावली ती ३ फेब्रुवारी १९२५ ला, म्हणजे तार दिसली की चित्र सत्तर वर्षांनी चुकलं.

इथेच "नको"ची अडचण येते. "विजेच्या तारा नकोत" असं लिहिलं की बऱ्याचदा तारा येतातच, कारण यंत्राने शब्द तारांचाच ऐकलेला असतो. स्टेबल डिफ्यूजन या चित्रं काढणाऱ्या साधनात नको त्या गोष्टींसाठी वेगळी चौकट असते, मिडजर्नी या दुसऱ्या साधनात वेगळा पॅरामीटर, म्हणजे प्रॉम्प्टच्या शेवटी जोडायची सूचना, आहे, तिथे ते टाका. तशी सोय नसेल तर जे हवं ते बोला: रुळांवर मोकळं, रिकामं आकाश. वहीत "नको" असलेल्या प्रत्येक ओळीसमोर तिची "हवं" ओळ लिहून ठेवा.

क्रम आणि लांबी पटकन सांगते. मुख्य गोष्ट पहिल्या वाक्यात, मग ती काय करते आहे, मग जागा, उजेड, कॅमेरा, शेवटी शैली. स्टेबल डिफ्यूजनच्या पहिल्या आवृत्त्यांत वापरलेलं ते क्लिप मॉडेल एका वेळी ७७ टोकनच, म्हणजे शब्दांचे तेवढेच तुकडे, घेतं, पुढचं गळून जायचं. नव्या साधनांना लांब मजकूर चालतो, पण महत्त्वाचं पुढे ठेवायची सवय चांगली.

अक्षरं चित्रात मागू नका. "शुभेच्छा"तला च्छ आणि "स्वागत"मधला स्व अजूनही मोडतो, मात्रा भलत्याच अक्षरावर बसतात. नवी मॉडेल्स सुधारली आहेत, तरी निमंत्रणावर अशुद्ध मराठी जाणं मला सहन होत नाही. जागा मोकळी घ्या आणि मजकूर नंतर कॅनव्हा या डिझाइनच्या अ‍ॅपमध्ये स्वतः टाइप करा.

प्रत्यक्ष चित्रं काढायला लागाल तेव्हा एका वेळी एकच गोष्ट बदला. जिथे सीड, म्हणजे चित्राची सुरुवात ठरवणारा आकडा, देता येतो तिथे तो कायम ठेवा, म्हणजे तोच प्रॉम्प्ट, तीच सेटिंग्ज आणि तोच सीड असताना एक शब्द बदलल्याने काय झालं ते नीट दिसतं. लोटा आणि उजेड एकदम बदललात तर कशामुळे बिघडलं ते कळणार नाही. प्रत्येक वेळचा प्रॉम्प्ट, तारीख आणि एका ओळीत निकाल वहीत ठेवा: "लोटा पालथा आला, गाठी मण्यांसारख्या गोल." पुढच्या वर्षी ही पानं सोन्यासारखी उपयोगी पडतात.

व्हिडिओसाठी हातात घड्याळ घ्या. गूगलचं व्हिडिओ बनवणारं मॉडेल व्हिओ ३ हे मे २०२५ मध्ये आलं, त्याची एक क्लिप आठ सेकंदांची असते. आठ सेकंदांत काय होतं ते आपल्याला वाटतं त्यापेक्षा फार कमी असतं. मी पहिल्यांदा लिहिलं होतं की बाई गुडी बांधते, पूजा करते, नमस्कार करते आणि मुलांना कडुनिंबाचं पान देते. आलेल्या व्हिडिओत हात काठीत विरघळले आणि मुलं मधूनच उगवली. मग मी स्वयंपाकघरात उभं राहून खरंच करून बघितलं. काठीला सुतळीची एक गाठ मारायलाच वीस सेकंद लागली. लोट्याला कुंकवाचं बोट लावून हात मागे यायला तीन सेकंद. तेव्हा ठरवलं की क्लिप फक्त त्या बोटाची. हात खालून चौकटीत येतो, बोट लोट्याला टेकतं, लाल ठिपका उमटतो, हात खाली जातो, वाऱ्याने रेशमी काठ हलतो, कॅमेरा स्थिर. तीच क्लिप सगळ्यांना सगळ्यात जास्त आवडली. एका क्लिपमध्ये एक कृती आणि कॅमेऱ्याची फार तर एक हालचाल, यापुढे जाऊ नका. लांब गोष्ट हवी असेल तर अशा चार-पाच क्लिप करून जोडा.

शिवाय आधी स्थिर चित्र पक्कं करा, आजींना दाखवा, आणि मग तेच व्हिडिओची पहिली चौकट म्हणून द्या. म्हणजे लोटा, गाठी, साडी सगळं चित्रात आहेच, प्रॉम्प्टमध्ये फक्त काय हलतं तेवढंच लिहायचं. ढोल-ताशाची गर्दी मात्र टाळा. टिपरू आणि मनगट एकमेकांत मिसळतात, बोटं वाढतात. पथक दाखवायचंच असेल तर एका ढोलाचा अर्धा भाग आणि त्यावरचा एक हात, एवढंच जवळून घ्या. आवाज व्हिओ ३ देतं, पण ताशाची ती कडकड त्यात मला सापडली नाही. आपल्या पथकाच्या सरावाला संध्याकाळी मोबाइल घेऊन जा, दोन मिनिटं रेकॉर्ड करा आणि क्लिपचा आवाज बंद करून तो खाली घाला.

चेहऱ्यांची तयारी म्हणजे परवानगी. सोसायटीतल्या मुलांचे फोटो यंत्राला देऊ नका, मोठ्यांचे त्यांना विचारल्याशिवाय नाहीत, पुढाऱ्यांचे आणि कलाकारांचे तर अजिबात नाहीत. रेल्वेच्या चित्राखाली "एआयने केलेलं कल्पनाचित्र" असं चित्राच्या आतच, पुसता येणार नाही अशा जागी लिहा. असं चित्र एकदा ग्रुपमधून ग्रुपमध्ये फिरायला लागलं की आठवड्याभरात "१८५३ चा दुर्मिळ फोटो" म्हणून आपल्याकडेच परत येतं, आणि मुलं ते प्रकल्पाच्या वहीत चिकटवतात. आपल्या गावाच्या इतिहासात आपणच खोटा कागद घुसवायचा नाही.

सगळं झालं की फ्लेक्सवाल्याकडे जाण्याआधी चित्राचा ए-फोर प्रिंट काढून जिन्यात चिकटपट्टीने लावा आणि काही न सांगता तिघांना विचारा, "काय दिसतंय?" एक लहान मूल, एक रोज घाईत जाणारं माणूस आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आजी. मुलगा गुडी म्हणाला आणि आजी लोट्याकडे बघून काही बोलल्या नाहीत, की फाइल पाठवून द्या.