गुरुवारी हे-ऑन-वायला कसे जावे?

जळगाव-धुळ्याकडून वेल्सला जाणाऱ्यांनी हे-ऑन-वाय या इंग्लंडच्या सीमेवरील लहानशा गावासाठी गुरुवार राखून ठेवावा, कारण तेथील आठवडे बाजार त्याच दिवशी भरतो. गावात रेल्वे नाही. लंडनहून हेरफर्डपर्यंत रेल्वेने जाऊन पुढे बस घ्यावी. मेअखेरीस साहित्य महोत्सव असल्याने मुक्कामाची सोय फार आधी करावी, आणि खान्देशातील रणरणत्या उन्हातून निघताना स्वेटर व रेनकोट विसरू नये. जुन्या पुस्तकांच्या दुकानांना अर्धा दिवस तरी द्यावाच. माझ्या मते गावाचा खरा आनंद तिथेच आहे. दुसऱ्या दिवशी ६७७ मीटर उंचीच्या ‘हे ब्लफ’ या डोंगरावर चढावे. वाटेत शेतांची फाटके जशी आढळतील तशीच ठेवावीत आणि मेंढ्यांना मुळीच बिचकवू नये.