मार्खा खोऱ्यात गाईडसोबत गटाने ट्रेक कसा करावा

लेहच्या दक्षिणेला, स्टोक पर्वतरांगेच्या पलीकडे मार्खा नदीचे खोरे आहे. चिलिंगजवळ झंस्कार नदीला मिळणाऱ्या या नदीच्या काठाने वर चढत जायचे, स्कियू, मार्खा, उमलुंग, हंकार या गावांमधून पुढे सरकत निमालिंगच्या कुरणावर मुक्काम करायचा आणि सुमारे ५,२०० मीटर उंचीची कोंगमारू ला ओलांडून शांग सुमदो गावाकडे उतरायचे, असा हा पाच-सहा दिवसांचा मार्ग आहे. लडाखी भाषेत ‘ला’ म्हणजे खिंड. दोर किंवा गिर्यारोहणाचे कौशल्य येथे लागत नाही आणि उन्हाळ्यात वाटही बहुतेक ठिकाणी ठळक असते. त्यामुळे सह्याद्रीत नियमित चालणाऱ्यांना हा ट्रेक कागदावर सोपा वाटतो. मात्र महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर, कळसूबाई, १,६४६ मीटरवर संपते आणि लेह शहरच सुमारे ३,५०० मीटरवर वसलेले आहे. म्हणून या ट्रेकची तयारी बूट आणि बॅगेपासून सुरू न करता मुक्कामांच्या उंचीपासून सुरू करावी.

१. पैसे भरण्यापूर्वी मुक्कामांची उंची लिहून काढावी

संयोजकाने पाठवलेल्या कार्यक्रमात रोजचे अंतर, जेवण आणि प्रेक्षणीय स्थळे सविस्तर दिलेली असतात, पण झोपण्याच्या जागेची उंची अनेकदा दिलेली नसते. ती विचारून घ्यावी आणि कागदावर एकाखाली एक मांडावी: लेह ३,५००, स्कियू ३,४००, मार्खा गाव ३,८००, हंकार ४,०००, थाचुंगत्से ४,२००, निमालिंग ४,७००. हे आकडे स्थूलमानाने धरावेत, कारण तंबू गावाच्या खाली लागला की वर, यावर थोडा फरक पडतो. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे, हा डॉक्टर आणि अनुभवी गाईड या दोघांनाही मान्य असलेला नियम आहे. दिवसा याहून वर जाऊन खाली झोपायला परतण्यास हरकत नाही, उलट त्याने शरीर लवकर सरावते.

हा नियम वरच्या यादीला लावून पाहिला की ट्रेकचा सारा स्वभाव कळतो. सुरुवात सौम्य आहे, कारण स्कियू लेहपेक्षाही किंचित खाली आहे. खरा धोका हंकार आणि निमालिंग यांच्या दरम्यान आहे, कारण थाचुंगत्से वगळले तर एका दिवसात ७०० मीटरची उडी पडते. एक दिवस कमी करून स्वस्त केलेला कार्यक्रम समोर आला तर तो दिवस नेमका कोठून काढला आहे हे तपासावे. तो बहुधा थाचुंगत्सेचा किंवा लेहमधील विश्रांतीचा असतो आणि हे दोन्ही दिवस सोडण्यासारखे नाहीत.

गाडीरस्त्याचाही विचार करावा लागतो. चिलिंगच्या बाजूने रस्ता खोऱ्यात पुढे पुढे सरकत गेल्यामुळे पायी चालण्याची सुरुवात प्रत्येक संयोजकाकडे निराळ्या ठिकाणाहून होते. गाडीने थेट वरच्या गावांपर्यंत नेणार असतील तर चालण्याचे कष्ट वाचतात, पण हळूहळू सरावण्याचे दिवसही जातात, म्हणून त्या बदल्यात लेहमध्ये एक रात्र वाढवून मागावी. झिंगचेन आणि रुंबक गावांकडून, सुमारे ४,९०० मीटर उंचीच्या गांदा ला मार्गे येणारी जुनी वाट अधिक देखणी आहे. मात्र तीत मोठी खिंड पहिल्या दोन-तीन दिवसांतच येते, त्यामुळे लेहला निदान तीन-चार रात्री घालवल्याशिवाय ती निवडू नये.

२. संयोजकाला नेमके प्रश्न विचारावेत

गटात किती माणसे आणि किती गाईड असतील, हा प्रश्न सर्वजण विचारतात. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा: एखाद्याला उंचीचा त्रास होऊन खाली उतरावे लागले तर त्याच्यासोबत कोण जाईल आणि उरलेल्या गटासोबत कोण राहील? गाईड एकच असेल तर या प्रश्नाला उत्तर नसते आणि मग आजारी माणसाला वर नेण्याचा किंवा सर्वांनाच परत आणण्याचा प्रसंग येतो. सर्वांत पुढे एक आणि सर्वांत मागे एक, असे किमान दोन जाणते लोक गटात असलेच पाहिजेत. त्यांनी प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतले आहे का, सोबत ऑक्सिजनचा सिलिंडर आहे का, आजारी माणसाला बसवण्यासाठी मोकळा घोडा मिळू शकतो का, हेही विचारावे. परत फिरण्याचा निर्णय गाईडचा असेल हे आधीच स्पष्ट करून घ्यावे आणि गटातील प्रत्येकाला ते मान्य असावे.

मार्खा खोरे १९८१ मध्ये स्थापन झालेल्या हेमिस राष्ट्रीय उद्यानात येते. त्यामुळे उद्यानाचे आणि पर्यावरणाचे शुल्क, घोडेवाल्यांची मजुरी, होमस्टेचे पैसे आणि लेहमधील राहणे यांपैकी रकमेत काय धरले आहे ते लेखी मागावे. विमा घेताना ५,२०० मीटरपर्यंतच्या ट्रेकिंगचा आणि हेलिकॉप्टरने आणण्याचा खर्च त्यात येतो का ते पाहावे, कारण अनेक प्रवासविम्यांत उंचीची मर्यादा बारीक अक्षरांत लिहिलेली असते. इतर राज्यांतील प्रीपेड सिमकार्ड लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागते, आणि खोऱ्यात त्याच्याही भरवशावर राहू नये. भारतात परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणे बेकायदा आहे, म्हणून संकटात निरोप कसा पोहोचवणार हेही संयोजकाकडूनच समजून घ्यावे.

३. शरीराची तयारी

किमान दोन ते तीन महिने आधीपासून आठवड्यातून चार-पाच दिवस भरभर चालणे किंवा जिने चढणे सुरू करावे आणि सुट्टीच्या दिवशी पाठीवर सहा-सात किलो वजन घेऊन गड चढावा. उतरण्याचा सराव मुद्दाम करावा, कारण शेवटच्या दिवशी खिंडीवरून एक हजार मीटरहून अधिक उतार गुडघ्यांवर येतो. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी: उत्तम दमसास असलेल्या तरुणालाही विरळ हवेचा त्रास होतो. बऱ्याचदा त्यालाच आधी होतो, कारण तो भराभर चढतो.

हृदयविकार, दमा, उच्च रक्तदाब, मधुमेह किंवा गर्भारपण असल्यास डॉक्टरांच्या लेखी सल्ल्याशिवाय नाव नोंदवू नये. अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध शरीराला उंचीशी जुळवून घ्यायला मदत करते. प्रतिबंधासाठी प्रौढांना सामान्यतः १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून दिले जाते. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी याबाबत डॉक्टरांना आवर्जून सांगावे. बोटांना मुंग्या येणे आणि वारंवार लघवीला जावे लागणे हे त्याचे नेहमीचे परिणाम आहेत. हे औषध घेतले म्हणून वरचा ५०० मीटरचा नियम मोडता येत नाही.

४. सामान

मोठी बॅग घोड्यावर जाते, तिचे वजन संयोजकाने सांगितलेल्या मर्यादेतच ठेवावे. पाठीवरच्या छोट्या पिशवीत दोन लिटर पाणी, विंडचीटर, एक उबदार जाकीट, टोपी, गॉगल, सनस्क्रीन, हेडटॉर्च, सुकामेवा आणि स्वतःची औषधे असावीत. दर हजार मीटरला अतिनील किरणांची तीव्रता सुमारे दहा टक्क्यांनी वाढते, त्यामुळे थंडी असूनही चेहरा भाजून निघतो. नवे बूट लेहमध्ये पहिल्यांदा घालू नयेत. नदी ओलांडण्यासाठी मागे पट्टा असलेल्या सँडल घ्याव्यात आणि काठ्या दोन घ्याव्यात.

५. लेहला पोहोचल्यावर काही करू नये

ट्रेकचा योग्य काळ जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत असतो. विमानाने आल्यास माणूस काही तासांत समुद्रसपाटीवरून ३,५०० मीटरवर येतो, म्हणून पहिले ४८ तास संपूर्ण विश्रांती घ्यावी. या काळात भरपूर पाणी प्यावे, मद्य आणि झोपेच्या गोळ्या टाळाव्यात आणि गाडीने खारदुंग ला पाहून येण्याचा मोह आवरावा. वेळ असेल तर श्रीनगरहून कारगिलमार्गे रस्त्याने यावे, कारण कारगिलचा मुक्काम सुमारे २,७०० मीटरवर होतो आणि शरीर टप्प्याटप्प्याने सरावते. मनालीच्या रस्त्यावर सर्चूचा मुक्काम सुमारे ४,३०० मीटरवर, म्हणजे लेहपेक्षाही बराच उंच पडतो, त्यामुळे सरावासाठी तो रस्ता उपयोगाचा नाही.

६. चालताना

गटाचा वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्या व्यक्तीच्या वेगाइतका ठेवावा आणि त्या व्यक्तीला पुढे चालू द्यावे. शेजाऱ्याशी बोलता येईल इतकाच वेग योग्य समजावा, बोलताना धाप लागली तर तो कमी करावा. मार्खा नदी काही ठिकाणी पायी ओलांडावी लागते. हिमनद्यांचे बर्फ उन्हाने वितळून दुपारनंतर पाणी चढते, म्हणून गाईड पहाटे निघण्याचा आग्रह धरतो तेव्हा कुरकुर करू नये. पाण्यात उतरताना पिशवीचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडावेत, एकमेकांचे हात धरावेत आणि अनवाणी उतरू नये. लडाख पर्जन्यछायेत असून लेहला वर्षभरात सरासरी १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तरीही ऑगस्ट २०१० मधील ढगफुटीने येथे मोठी जीवितहानी केली होती. त्यामुळे आकाश भरून आल्यास तंबू नाल्याच्या तोंडाशी लावू नये.

रोज सकाळी आणि संध्याकाळी गाईडने प्रत्येकाची विचारपूस करावी आणि प्रत्येकाने खरे सांगावे. डोकेदुखी आणि तिच्या जोडीला मळमळ, चक्कर किंवा विलक्षण थकवा असेल तर, दुसरे स्पष्ट कारण नसल्यास, तो उंचीचाच आजार समजावा आणि त्या दिवशी आणखी वर जाऊ नये. लक्षणे वाढत असतील तर खाली उतरावे. स्वस्थ बसूनही धाप लागणे, खोकल्यातून फेसाळ थुंकी येणे, तोल जाणे किंवा असंबद्ध बोलणे ही फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी होत असल्याची चिन्हे आहेत. अशा वेळी रात्र असली तरी सकाळची वाट न पाहता माणसाला खाली न्यावे. रक्तातील ऑक्सिजन मोजणाऱ्या, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचे आकडे उपयोगी असतात, पण गटांमध्ये त्यांची स्पर्धाच सुरू होते आणि चांगला आकडा आलेला माणूस डोकेदुखी लपवू लागतो. यंत्रापेक्षा लक्षणांवर अधिक विश्वास ठेवावा.

७. गावात राहताना

मार्खा खोऱ्यात तंबूऐवजी होमस्टे मिळत असतील तर तेच निवडावेत. हिम बिबट्या कोंडवाड्यात शिरून शेळ्यामेंढ्या मारतो तेव्हा नुकसान याच घरांचे होते, आणि पाहुण्यांकडून मिळणाऱ्या उत्पन्नामुळे तो प्राणी जिवंत राहण्यात गावाचाही फायदा होतो. गावांत घरे पाळीपाळीने पाहुणे घेतात, त्यामुळे दिलेले घर बदलून मागू नये.

भेटल्यावर आणि निरोप घेताना ‘जुले’ म्हणावे, हाच शब्द आभारासाठीही चालतो. आपण नावापुढे ‘जी’ लावतो तसे तेथे ‘ले’ लावतात: घरातील आईला ‘आमा-ले’, वडीलधाऱ्या पुरुषाला ‘आबा-ले’. स्वयंपाकघरातील चूल पवित्र मानतात, तिच्याकडे पाय करून बसू नये. बसण्याची जागा घरचे लोक दाखवतील तीच घ्यावी. रात्री बहुधा स्कियू (कणकेच्या तुकड्यांचा दाट रस्सा) किंवा थुक्पा (शेवयांचे सूप) आणि सकाळी खंबीर रोटीसोबत लोणी-मिठाचा गुरगुर चहा मिळतो. तो चहा म्हणून प्यायल्यास निराशा होते, कढण म्हणून प्यायल्यास आवडू लागतो. स्कियू नावाचे गावही आहे आणि पदार्थही, तेव्हा गोंधळ करू नये. या उंचीवर पाणी ८५ ते ८८ अंशांनाच उकळते, त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजत नाही. विशिष्ट जेवणाचा हट्ट धरल्यास घरच्यांचे इंधन उगाच जळते.

शौचालय कोरडे असते. वापरानंतर त्यात फावड्याने माती टाकावी आणि पाणी किंवा प्लास्टिक मुळीच टाकू नये, कारण ते खत पुढे बार्लीच्या शेतात जाते. हिमनदीचे पाणी पाटांनी शेतांत येते आणि त्याच्या वाटपासाठी गाव ‘चुरपोन’ नेमते. त्यामुळे पाटात हातपाय धुणे किंवा त्याचा बांध पायाने मोडणे हा तेथे मोठा अपराध ठरतो. वाटेतल्या मणी भिंती (मंत्र कोरलेल्या दगडांच्या) आणि चोर्तेन (बौद्ध स्तूप) नेहमी आपल्या उजव्या हाताला राहतील अशा बाजूने जावे.

८. निमालिंग आणि खिंड

निमालिंगला समोर ६,४०० मीटर उंचीचे कांग यात्से शिखर उभे असते आणि उन्हाळ्यात गावकऱ्यांचे कळप चरत असतात. रात्री पारा शून्याच्या खालीही जातो, म्हणून उद्याचे कपडे आणि टॉर्चचे सेल झोपण्याच्या पिशवीतच ठेवावेत. भूक नसली तरी गरम काहीतरी खावे. खिंडीच्या दिवशी पहाटे निघून दुपारचा वारा सुटण्याआधी माथा गाठावा. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो, म्हणून मंत्रपताकांपाशी पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये. पलीकडचा उतार सुरुवातीला अत्यंत तीव्र आहे आणि नंतर वाट अरुंद घळीत शिरून तोच ओढा पुन्हा पुन्हा ओलांडते. माथा गाठल्याच्या आनंदात गट येथेच पांगतो आणि घोटेही येथेच मुरगळतात, म्हणून मागचा गाईड शेवटपर्यंत मागेच असावा.

शांग सुमदोहून गाडीने त्याच दिवशी लेह गाठता येते, पण दुसऱ्या दिवशी सकाळचे विमान ठरवू नये. लेहची विमाने हवामानामुळे रद्द होतात आणि एखाद्या वेळी खिंडीखालीही एक दिवस थांबावे लागते. तेव्हा परतीच्या तिकिटाआधी दोन मोकळे दिवस ठेवावेत.