उपकेंद्रावरच्या नव्या सीएचओला बीपी-शुगर शिकवताना

नर्सिंग करून सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) म्हणून रुजू झालेल्या ताईचा हात वॉर्डात तयार झालेला असतो. तिथे पेशंट आजार घेऊनच येतो. उपकेंद्रावर मात्र तिशी ओलांडलेला, ‘मला काय झालंय?’ म्हणणारा धडधाकट माणूस समोर बसतो. त्याचा आजार आकड्यातच दिसतो. म्हणून पहिला आठवडा नोंदणीचं अ‍ॅप बाजूला ठेवा आणि मोजणं पक्कं करा.

बीपीआधी माणसाला 5 मिनिटं पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून बसवा. त्याआधीच्या अर्ध्या तासात चहा-तंबाखू नको. दंड उघडा, टेबलावर टेकलेला, छातीच्या पातळीत. मिनिटभराने दुसऱ्यांदा मोजा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की बीपी उगाच जास्त दिसतं, आणि नसलेल्या आजाराच्या गोळ्या मागे लागतात. सदऱ्यावरून पट्टा बांधणं, मोजताना गप्पा मारणं याही नेहमीच्या चुका. आठवड्याने रजिस्टर उघडा. ओळीने 120/80, 130/80 दिसलं तर ते अंदाजाने लिहिलेलं आहे. तिला शेजारी बसवून पुन्हा मोजायला लावा.

140/90 किंवा वर आलं तर डॉक्टरांकडे. 180/110 असेल तर त्याच दिवशी. गोळी डॉक्टर सुरू करतील. ती बंद पडू न देणं हे सीएचओचं काम, आणि खरं अवघड तेच आहे.

शुगरला आधी साबणाने हात धुवायला लावा. बोटाला गूळ लागलेला असला तर आकडा फुगतो. स्पिरिट लावलं तर वाळू द्या, बोटाच्या कडेला टोचा, पहिला थेंब पुसा. मराठवाड्यात मे महिन्यात पारा 40 च्या वर जातो, तेव्हा शुगर तपासायच्या पट्ट्यांची डबी स्कूटीच्या डिकीत ठेवू नका. बहुतेक पट्ट्या 30 अंशांपर्यंतच टिकतात.

तोंड तपासताना स्वतःची तीन बोटं उभी आत घालायला सांगा. गुटखा खाणाऱ्याची बोटं आत जात नसतील तर डॉक्टरांकडे पाठवा.

बीड-धाराशिवकडे हे सगळं दसऱ्याआधी उरकायला शिकवा. त्यानंतर मजुरांच्या टोळ्या ऊसतोडीला निघतात आणि गोळ्यांत खंड पडतो. आशाताईंकडून कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जाणाऱ्या घरांची यादी घ्या आणि डॉक्टरांकडून जास्त दिवसांच्या गोळ्या आधीच मंजूर करून घ्या. गोळीचं नाव, शेवटचं बीपी आणि उपकेंद्राचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी प्रत्येकाच्या हातात द्या. गरोदर बाईचं कार्डही घरी राहू देऊ नका. गुढीपाडव्याच्या सुमारास टोळ्या परतू लागल्या की त्याच यादीवरून घरोघर पुन्हा मोजा.