नांदूर-मध्यमेश्वरला पक्षी बघायला निघताय? या चुका टाळा

थंडी पडली की रविवारी पहाटे नाशिकहून निफाडच्या वाटेला दुर्बीणवाल्यांच्या गाड्या लागतात. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे नांदूर-मध्यमेश्वरचा इंग्रजांच्या काळातला बंधारा आहे. त्यामागे गाळ साचून उथळ पाणथळ तयार झाली आणि 2020 साली ती महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरली. पूर्वी अशा जागी लोक बंदुका घेऊन जायचे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते थांबलं, फार बरं झालं. पण अंधारात निघणं, आवाज न करणं, चिखलात तासन्‌तास एका जागी बसणं हे शिकाऱ्याचं कसब आपल्यालाही लागतंच. तिथे लाखाची लेन्स असून फेरी वाया गेलेली मी पाहिली आहे, आणि कारण दर वेळी वीस-पंचवीस रुपयांची एखादी वस्तू विसरल्याचं.

सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे "दुर्बिणीतून धूसर दिसतंय". निफाडची थंडी साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. अशा वेळी आपण मफलर नाकावरून घट्ट बांधतो. मग श्वासाला वाट राहते ती वरूनच, आणि डोळ्यापाशी धरलेल्या गार काचेवर ती ऊब जाऊन बसते. माणूस काच पुसतो, परत लावतो, परत धुकं. बघताना मफलर हनुवटीखाली घ्या, निम्मा त्रास तिथेच संपतो. पुसण्यासाठी शर्टाचं टोक वापरू नका. काचेवरची बारीक धूळ घासली जाते आणि कोटिंगवर ओरखडे उठतात, ते कायमचे. आधी काच साफ करायच्या रबरी फुग्यानं (ब्लोअरनं) हवा मारायची, मग चष्म्याच्या दुकानात मिळतं त्या मऊ फडक्यानं हलक्या हातानं पुसायचं.

दुसरं धुकं परतताना येतं. गारठलेला कॅमेरा काचा बंद केलेल्या उबदार गाडीत नेला की गाडीतल्या दमट हवेचं पाणी त्यावर जमतं. बाहेर असतानाच तो झिपच्या पिशवीत घालून तोंड बंद करा. पाणी पिशवीच्या बाहेरून धरेल, कॅमेरा कोरडा राहील. घरी गेल्यावरही तासभर पिशवी उघडू नका. बुटांच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या येतात, त्या फेकण्याऐवजी दुर्बिणीच्या डब्यात ठेवा. आपल्याकडचा पावसाळा काचेवर बुरशी आणायला पुरेसा असतो.

"बॅटरी फुल होती, तरी संपली" हेही थंडीचंच दुखणं. गारठ्यात बॅटरी लवकर मान टाकते. जादाची बॅटरी बॅगेत न ठेवता स्वेटरच्या आत, शर्टाच्या खिशात ठेवा. संपलेली वाटणारी बॅटरीसुद्धा अर्धा तास अंगाच्या उबेत राहिली की बऱ्याचदा आणखी काही फोटो देते.

टॉर्चबद्दल मला जरा कळकळीनं सांगायचंय. पहाटे साडेपाचला पाणथळीकाठच्या चापडगावच्या बाजूला उतरून लोक मोबाईलचा पांढरा झोत थेट पाण्याच्या दिशेनं मारतात. एक चक्रवाक ओरडत उठला की त्याच्यामागे तलवार बदकं, थापटे, सगळा थवा उठतो, आणि उजाडेपर्यंत समोर रिकामं पाणी. स्टेशनरीच्या दुकानातून लाल जिलेटिन कागद आणा, दुहेरी घडी करून टॉर्चच्या तोंडावर रबरबँडनं बसवा आणि उजेड पायापुरता ठेवा. आपल्या डोळ्यांनाही अंधार सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, पांढऱ्या उजेडानं ती मेहनत क्षणात जाते.

आवाजाचंही तसंच. कुरकुरीत पिशव्या, खिशातली नाणी, चर्र करून उघडणारी वेल्क्रोची बॅग, सळसळणारं जर्किन हे सगळं गाडीत राहू द्या. कापडी पिशवी घ्या, किल्ल्या रुमालात बांधा.

फोटो हलतात म्हणून लगेच ट्रायपॉड घेऊ नका. पक्षी बघायच्या मनोऱ्याच्या कठड्यावर तो नीट उभाच राहत नाही. जुन्या जीन्सचा पाय गुडघ्याखाली कापा, एक तोंड दुहेरी शिवा, आत दोन किलो मका भरा आणि दुसरं तोंड सुतळीनं आवळा. कठड्यावर ठेवून मधे मुठीनं खळगा केला की लेन्स त्यात पाळण्यासारखी बसते. मी पहिली थैली तांदळाची केली होती. दवानं भिजली, आठवडाभर गाडीत पडून राहिली आणि उघडली तेव्हा आंबूस वास आला. तेव्हापासून धान्य आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरते, मग जीन्समध्ये.

बसायला खताची रिकामी गोणी धुऊन घ्या. काठची काळी माती वरून सुकलेली दिसते, बसलं की ओल लागते. नोंदींसाठी पेनाऐवजी पेन्सिल, दवानं कागद ओला झाला तरी ती उमटते. खाण्यासाठी घरचा डबा. बिस्किटं टाकू नका, त्यामागे कुत्री येतात आणि काठच्या पक्ष्यांना बसू देत नाहीत.

आणि एक छोटी कात्री. संक्रांतीत येवल्यापासून नाशिकपर्यंत आभाळ पतंगांनी भरतं. पुढचे कित्येक आठवडे बाभळींवर, बोरींवर मांजा लोंबत राहतो. हाताशी येईल तेवढा कापून, गुंडाळून घरी आणा आणि बारीक तुकडे करून मगच कचऱ्यात टाका. एखादा पक्षी अडकलेला दिसला तर ओढू नका, पंख आणखी चिरतो. त्याच्या डोक्यावर सैलसं फडकं टाका, म्हणजे तो शांत होतो, आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. मागच्या जानेवारीत एका शेकाट्याच्या, म्हणजे लांब पायांच्या पाणपक्ष्याच्या, पायाला असाच मांजा गुंडाळलेला होता. दोन फूट मांजा लोंबत होता आणि तो एका पायावर पाण्यात उभा होता. माझ्याजवळ त्या दिवशी कात्री नव्हती.